नक्षी शाबूत, पण टायर म्हातारा: कारचे टायर कधी बदलायचे हे घरच्या घरी ठरवण्याची रीत

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार-पाच गाड्या अशा आहेत की गणपतीला गावी जातात, दिवाळीला गावी जातात, मधल्या रविवारी मंडईत चक्कर मारतात आणि उरलेले दिवस कव्हराखाली झोपा काढतात. माझी गाडी त्यातलीच. नऊ वर्षांत जेमतेम ३४ हजार किलोमीटर. समृद्धी महामार्गाने नागपूरला जायचं ठरलं, तेव्हा मेहुण्याने टायरवर हात फिरवून निकाल दिला, "दाजी, नक्षी बघा की. हे अजून तीन वर्षं हलत नाहीत."

मलाही तसंच वाटत होतं. मग खाली वाकून टायरवरचे चार आकडे वाचले आणि बेत आठवडाभर पुढे ढकलला.

भरपूर चालणारी गाडी टायर झिजवते. ते डोळ्यांना दिसतं, पंक्चरवालाही सांगतो, "साहेब, गोटा झालाय." पण उभी राहणारी गाडी टायर म्हातारे करते, आणि ते कुणी सांगत नाही, कारण वरून सगळं छान दिसत असतं. आपल्याकडे टायरचा हिशेब किलोमीटरमध्ये होतो, 'चाळीस हजार झाले की बदलू'. कमी चालणाऱ्या गाडीला हा हिशेब फसवतो. म्हणून सुरुवात वयापासून करू, नक्षीकडे नंतर वळू.

पहिलं काम: जन्मतारीख वाचा

टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, इंग्रजी अक्षरांची बरीच गर्दी असते. त्यात बहुधा 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ सापडेल. तिच्या शेवटी लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा, साधारण ऑगस्टअखेर. माझ्या टायरवर होतं १८१६, म्हणजे २०१६ च्या मे महिन्याचा पहिला आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, त्यावर चर्चाही नको.

आकडे सापडले नाहीत तर ते पुसले गेलेत असं समजू नका. तारखेसह पूर्ण ओळ बहुतेक टायरांवर एकाच बाजूला असते, आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला बसवलेली असू शकते. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि मोबाइलचा टॉर्च लावून आतून फोटो काढा. मागच्यांसाठी जमिनीवर जुनी चादर टाकून आडवं व्हावं लागतं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र डोकं घालू नका.

पाचही टायरांचे आकडे कागदावर लिहून काढा. पाचवी ती डिकीतली स्टेपनी. (हा शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथे मोटारींची जादा चाकं तयार व्हायची. तिकडे शब्द विस्मरणात गेला, आपल्याकडे घरोघरी टिकला.) स्टेपनी न वापरता नवीकोरी दिसते, पण तिचं वय इतरांइतकंच वाढत असतं.

जुनी गाडी विकत घेताना तर ही यादी आधी करा. २०२० ची गाडी आणि टायर २०१७ चे, असं दिसलं तर कुणीतरी स्वस्तातले जुने टायर बसवून गाडी चकाचक केली आहे. अशा गाडीच्या किमतीतून चार टायरांचे पैसे वजा करूनच बोली लावावी.

वय झालं म्हणजे आत काय होतं

टायरचं रबर गंधकाबरोबर तापवून पक्कं केलेलं असतं. वापरात ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन त्यावर काम करत राहतात. रबर हळूहळू कडक होतं, लवचिकपणा जातो. हवेतला ओझोन ताणलेल्या जागी बारीक भेगा पाडतो. त्याला अडवण्यासाठी कारखान्यात रबरात मेणासारखी आणि इतर संरक्षक द्रव्यं मिसळतात. टायर फिरताना वाकतो, दबतो आणि त्या हालचालीने ही द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात. टायरवर कधी तपकिरी झाक दिसते तो नेहमीच मळ नसतो, हा थरही असू शकतो. उभ्या गाडीचा टायर वाकत नाही, त्यामुळे त्याला हे तेलपाणी नीट मिळत नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्या शेजाऱ्याचे टायर झिजतात पण मऊ राहतात, आणि माझे न झिजता वाळतात.

खरा धोका आणखी आत असतो. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे रबरात गुंफलेले असतात. टायरमध्ये दाबून भरलेली हवा भिंतींतून अगदी हळू झिरपत बाहेर जाते आणि जाताजाता आतल्या रबराचंही ऑक्सिडेशन करते. पट्ट्यांना धरून ठेवणारं रबर ठिसूळ झालं, की जोरात तापलेल्या टायरमध्ये पट्टे एकमेकांपासून सुटू लागतात. हे शहरातल्या ३० च्या वेगात सहसा होत नाही, तासाला १००-१२० च्या वेगाने दोन तास सलग चाललेल्या गाडीत होतं. म्हणजे वर्षभर सोसायटीत उभी राहून एकदाच लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाडीत.

नक्षी किती फसवते याचं एक उदाहरण. सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये एका संगीत महोत्सवातून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला आणि तिघांचा जीव गेला. टायर साडेएकोणीस वर्षांचा निघाला, बसपेक्षाही जुना. नक्षी पुरेशी होती, त्यामुळे नियमाने तो रस्त्यावर चालण्याजोगा होता. पुढे मोठी मोहीम झाली आणि २०२१ मध्ये ब्रिटनने ट्रक-बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावायला बंदी केली.

किती वर्षं म्हणजे पुरे?

यावर सगळ्यांचा एक आकडा नाही. काही कार कंपन्या मालकासाठीच्या पुस्तिकेत सहा वर्षं सांगतात. मिशलिनसारखी टायर कंपनी म्हणते की पाच वर्षं वापरल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि उत्पादनापासून दहा वर्षं झाली की दिसायला कसाही असो, काढा. माझा स्वतःचा हिशेब या दोन्हींच्या मध्ये बसतो.

पाच वर्षांपर्यंत वयाची काळजी करत नाही, फक्त झीज आणि जखमा बघतो. पाच झाली की वर्षातून एकदा चाक उतरवून आतली बाजूही बघायची. सहा-सात वर्षांचे टायर घेऊन द्रुतगती मार्गावर जायचं नाही. गाडी गावातल्या गावातच फिरत असेल, सावलीत उभी राहत असेल आणि भेगा नसतील, तर आठपर्यंत ताणता येईल. दहा ही भिंत. विदर्भ-मराठवाड्यात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तिथे उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर यातलं प्रत्येक वर्ष एकाने कमी धरा. उष्णता रबराला भराभर म्हातारं करते.

नक्षी मोजा, अंदाज नको

आता झीज. नक्षीच्या मोठ्या खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. ते शोधायला साइडवॉलच्या वरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा इंग्रजीत 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं बघा आणि तिथून सरळ खाचेत नजर टाका. हे उंचवटे १.६ मिलिमीटरचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कारसाठी आपल्या कायद्याचीही हीच मर्यादा आहे.

पण कायद्याची मर्यादा कोरड्या रस्त्यावर बसून ठरवल्यासारखी आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते आणि पावसात तिचं काम एकच, टायरखालचं पाणी बाजूला काढणं. रस्त्याला प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग टेकतो. खाचा उथळ झाल्या की पाणी निघायला जागा उरत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. ज्याने हे एकदा अनुभवलंय तो विसरत नाही. म्हणून आपल्याकडे ३ मिलिमीटरलाच थांबावं. मे महिन्यात मोजा. जूनमध्ये कशेडी किंवा आंबा घाटात मोजण्यात अर्थ नाही.

मोजायला छोटं गेज ऑनलाइन मिळतं. नसेल तर आगपेटीची काडी खाचेत उभी धरा, वरच्या कडेला नखाने खूण करा आणि मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. उंचवट्यावर काडी टेकवू नका, शेजारी टेकवा. प्रत्येक टायरवर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी मोजायचं. सगळ्यात कमी भरेल तोच त्या टायरचा आकडा. सरासरी काढायची नाही.

तीन आकड्यांत फरक असेल तर तो टायर गाडीबद्दल काहीतरी सांगतोय. मध्य जास्त झिजला तर हवा जास्त भरली जातेय, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, आणि ठिकठिकाणी खड्डे-खड्डे जाणवत असतील तर शॉकअॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे बघा. हे दुरुस्त न करता नवे टायर टाकले तर तेही तसेच जातील.

बाजूची भिंत: इथे तडजोड नाही

चाक स्वच्छ पाण्याने धुवा, वाळू द्या, मग उन्हात बघा. धुण्याआधी बघण्यात अर्थ नाही, आणि चमक आणणारं पॉलिश लावलेलं असेल तर भेगा झाकल्या जातात. सर्व्हिस सेंटरमधून नुकत्याच आलेल्या गाडीचे टायर म्हणूनच जास्त तरुण दिसतात.

अगदी जवळून पाहिल्यावरच दिसणाऱ्या केसासारख्या रेषा, आणि टायर पाच वर्षांच्या आतला, तर फोटो काढून ठेवा आणि तीन महिन्यांनी ताडून बघा. नखाची कड आत जाईल अशी भेग असेल तर बदला. नक्षीच्या खाचांच्या तळाशी भेगा दिसल्या तर त्या साइडवॉलपेक्षा वाईट, कारण तिथून पोलादी पट्ट्यांपर्यंत अंतर फार कमी असतं. आतला धागा किंवा तार दिसली तर त्या टायरवर गाडी दुकानापर्यंतही नेऊ नका, स्टेपनी लावा.

फुगवटा आला असेल तर विचार करायचंच कारण नाही. खड्ड्यात आदळल्यावर रबर शाबूत राहतं पण आतले धागे तुटतात, आणि तेवढ्या जागी हवा भिंतीला गळवासारखी बाहेर ढकलते. याला दुरुस्ती नाही. "आतून पॅच मारून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. उलट, साइडवॉलवर वरून खाली जाणारी हलकीशी खोलगट रेघ दिसली तर घाबरू नका, टायर बनवताना आतल्या थरांची टोकं एकमेकांवर येतात तिथे ती असते. बाहेर आलेलं वाईट, किंचित आत गेलेलं बहुधा निरुपद्रवी.

विम्याचं इथेच सांगतो. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसता टायर फाटला तर काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, आणि तेही पन्नास टक्के घसारा कापून. टायरसाठी वेगळं जोड-संरक्षण मिळतं. सतत खड्ड्यांच्या रस्त्यावर असाल तर त्याच्या अटी वाचून बघा.

चालत्या गाडीतली एक खूण लक्षात ठेवा. कालपर्यंत नसलेली धबधब किंवा थरथर अचानक सुरू झाली आणि वेगाबरोबर वाढू लागली, तर 'पुढच्या पंपावर बघू' म्हणू नका. पट्टे सुटायला लागले की नक्षीचा भाग एका जागी वर उचलला जातो आणि तो ठोके देतो. सावकाश कडेला घ्या, उतरून चारही टायर बघा.

पंक्चरांचा हिशेब

नक्षीच्या मधल्या भागातलं ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक नीट दुरुस्त होतं. नीट म्हणजे टायर रिमवरून उतरवून, आतून पॅच आणि भोकात दट्ट्या, आपल्याकडे ज्याला मशरूम म्हणतात तो. रस्त्याकडेला बाहेरून खुपसलेली चिकट वात घरी पोचण्यापुरती ठीक. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि साइडवॉल जुळतात त्या कडेवर, किंवा साइडवॉलवर पंक्चर असेल तर दुरुस्ती नको. आणि हवा गेलेल्या टायरवर गाडी किलोमीटरभर जरी चालली असेल, तर टायर उतरवून आत बघायला सांगा. रिमखाली चिरडून भिंतीचं रबर आत काळ्या भुकटीसारखं पडलेलं दिसलं, तर बाहेरून टायर कितीही छान दिसो, गेला.

समृद्धीवर निघण्याआधी

या रस्त्यावर कारला ताशी १२० ची परवानगी आहे आणि नागपूर ते मुंबई अंतर ७०१ किलोमीटर. २०२३ मध्ये परिवहन खात्याने शिर्डी आणि नागपूरच्या बाजूला टायर तपासणी सुरू केली आणि फार झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या. काँक्रीटमुळे टायर फुटतात, नायट्रोजन भरा, अशा चर्चा तेव्हा खूप झाल्या. नायट्रोजनला विरोध नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. खरा शत्रू कमी हवा. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेरीत जास्त वाकते, जास्त तापते, आणि जुन्या टायरला तेवढंच पुरतं.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी त्यावर जो आकडा असेल तेवढी हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. साइडवॉलवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. वाटेत मोजल्यावर तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्त दिसले तर हवा सोडू नका, गरम टायरमध्ये तेवढी वाढते.

बदलायचं ठरलं: किती आणि कुठे

वयामुळे बदलत असाल तर चारही एकदम. झिजेमुळे बदलत असाल तर निदान एका आसावरचे दोन, कारण डाव्या-उजव्या टायरची पकड वेगळी असली की ब्रेक लागताना गाडी ओढते. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत मात्र पुस्तिका बघा, तिथे चारही टायरांचा घेर जवळजवळ सारखा लागतो.

दोनच नवे घेतले तर ते मागे बसवा. दुकानात यावर हमखास वाद होतो. "गाडी पुढच्या चाकांवर चालते, नवे पुढेच पाहिजेत," असं तुम्हाला ठासून सांगतील. पण पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जात राहते, पाय उचलला की बहुतेकदा सावरते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि ती सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याचं काम नाही.

माप दारावरच्या स्टिकरवर आहे तेच घ्या. उदाहरणार्थ १८५/६५ आर१५ ८८एच, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, १५ इंची रिम, एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार आणि २१० पर्यंत वेग. शेवटचा आकडा आणि अक्षर मूळपेक्षा खालचं घेऊ नका. दुकानदार 'सेम साइज' म्हणून नेमकी इथेच काटकसर करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे जुन्या भावाशी तुलना करताना बिलातला कर बघा.

टायर चढवण्याआधी चारही टायरांचे आकडे वाचा. एकदा चढवले की मग "साहेब, आता कसं परत घेऊ?" सुरू होतं. अंधाऱ्या, थंड गोदामात ठेवलेला टायर सावकाश म्हातारा होतो, त्यामुळे सहा-आठ महिन्यांचा स्टॉक मी बिनधास्त घेतो. वर्षाच्या वरचा असेल तर दुसरा मागतो. आयएसआय खूण बघा. 'जवळजवळ नवा' म्हणून जुना टायर स्वस्तात देणाऱ्यांपासून लांब राहा. झिजलेल्या टायरच्या खाचा हत्याराने पुन्हा कोरून वर काळं पॉलिश मारलेला मालही फिरत असतो, आणि कोरल्यामुळे तारांवरचं रबर आणखी पातळ झालेलं असतं.

टायरबरोबर वॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. मशीनने नट इतके आवळतात की रस्त्यात आपल्या पान्याने उघडत नाहीत. म्हणून निघण्याआधी गाडीतला पाना काढून एक नट स्वतः सैल करून परत आवळून बघा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वळणं टाळा, नव्या रबरावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असतो. बिल जपून ठेवा, त्यावर टायरचे नंबर लिहून घ्या.

जुने टायर घरी आणू नका. गच्चीवर कुंड्यांसाठी ठेवले की पावसाळ्यात त्यात पाणी साचून डासांची शाळा भरते, आणि होळीत टाकण्याचा धूर तर विचारूच नका. माझे टायर उतरवल्यावर दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, नक्षी मस्त आहे, दोन स्टेपनीला ठेवा. बाकीच्यांचं गिऱ्हाईक माझ्याकडे आहे." मी त्याला पाचही टायरांच्या साइडवॉलला ड्रिलने भोकं पाडायला सांगितली. त्याने एकदा टायरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मालकाला विचारायला आत गेला. मालक बाहेर आला, वाकून १८१६ वाचलं, आणि पोराला म्हणाला, "पाड."